पैलवान, नाटककार आणि बजेट खात्यातला बाबू : ‘द प्रिन्सेस ब्राइड’ची पात्रनिवड

१९८६ साली दिग्दर्शक रॉब रायनरपुढची अडचण पैशांची नव्हती. पैसे टीव्ही मालिकांचा निर्माता नॉर्मन लिअरनं दिले होते. अडचण होती संहितेच्या स्वभावाची. विल्यम गोल्डमनची ‘द प्रिन्सेस ब्राइड’ ही कादंबरी १९७३ सालची. तिच्यावर सिनेमा करायचे बेत तेव्हापासून शिजत होते आणि दर वेळी कुठे ना कुठे अडत होते. गोल्डमन काही दारोदार फिरणारा नवखा लेखक नव्हता. पटकथेची दोन ऑस्कर त्याच्या घरी होती. तरीही स्टुडिओकडे गेलेले हक्क धूळ खात पडले आणि शेवटी त्यानं ते पदरचे पैसे मोजून परत घेतले.

गोष्ट तशी साधी. आजारी नातवाच्या उशाशी बसून आजोबा पुस्तक वाचून दाखवतात. पुस्तकात बटरकप नावाची सुंदर मुलगी आहे, तिच्यावर जीव टाकणारा शेतगडी वेस्टली आहे, तिच्याशी लग्न ठरवून तिचाच काटा काढायला निघालेला राजपुत्र हम्परडिंक आहे. बापाच्या खुन्याला वीस वर्षं शोधणारा तलवारबाज इनिगो, यमकं जुळवत बसणारा धिप्पाड फेझिक आणि आपल्याएवढा हुशार जगात कोणी नाही अशा तोऱ्यात वावरणारा विझिनी हे त्रिकूट आहे. खोच अशी की ही परीकथा स्वतःची थट्टा करते आणि त्याच वेळी स्वतःवर मनापासून विश्वासही ठेवते. नटानं प्रेक्षकाकडे बघून डोळा मारला की प्रेमकथा संपली. नटानं फार गांभीर्य आणलं की विनोद संपला.

असा तोल सांभाळणारी माणसं आणायची कुठून? रायनर आणि पात्रनिवडीचं काम पाहणाऱ्या जेन जेन्किन्स व जॅनेट हर्शेन्सन यांनी जी मंडळी गोळा केली त्यांची पूर्वायुष्यं एका ओळीत मांडली तर हसू येतं. ब्रॉडवेवरचा गायक-नट, कुस्तीच्या रिंगणातला पैलवान, प्रायोगिक नाटककार, दुपारच्या मालिकेतली नायिका, खोट्या रॉक बँडचा गिटारवादक, स्टँड-अप करणारा विनोदवीर, टीव्हीवरचा गबाळा पोलीस अधिकारी आणि लंडनच्या उपहासनाट्याचा एक जनक. यातल्या कुणालाही ‘परीकथेतला नट’ म्हणून ओळख नव्हती. चेहरा भूमिकेला शोभतो का, यापेक्षा भूमिकेत जे करावं लागणार ते या माणसाच्या हाडीमांसी आधीपासून भिनलेलं आहे का, हे पाहिलं गेलं असावं. निदान पडद्यावर जे दिसतं त्यावरून मी तरी असंच वाचतो.

रायनर स्वतःही त्याच जातकुळीतला. वडील कार्ल रायनर विनोदाच्या दुनियेतलं मोठं नाव. गोल्डमनचं पुस्तक पोराच्या हातात त्यांनीच ठेवलं. रॉबला अमेरिकेनं ओळखलं ते ‘ऑल इन द फॅमिली’ या मालिकेतला वाद घालणारा जावई म्हणून, १९७१ ते १९७८. ती मालिका लिअरची. म्हणजे या सिनेमाला पैसा आला तो सुद्धा टीव्हीच्या जुन्या ओळखीतून. प्रेक्षकांसमोर चित्रित होणाऱ्या मालिकेत वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला एक गोष्ट कळते: हशा कुणाच्या वाक्यावर येतो यापेक्षा तो कुणाच्या चेहऱ्यामुळे येतो. ‘द प्रिन्सेस ब्राइड’मध्ये कॅमेरा पुष्कळदा बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यावर थांबतो, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

गाणाऱ्याच्या हातात तलवार

मॅन्डी पटिन्किन हा या संचातला सर्वांत तयार नट. जन्म १९५२, शिकागोचा. जुलियार्डमध्ये शिक्षण. ‘एविटा’ या संगीतिकेतल्या ‘चे’ नावाच्या पात्राच्या भूमिकेसाठी १९८० साली टोनी, म्हणजे ब्रॉडवेवरच्या नाटकांचा मोठा पुरस्कार. १९८४ साली ‘संडे इन द पार्क विथ जॉर्ज’मध्ये चित्रकार जॉर्ज सराची भूमिका, पुन्हा टोनीचं नामांकन. थोडक्यात, ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, आठवड्याला आठ प्रयोग करायची सवय असलेला माणूस.

ही सवय इनिगोच्या भूमिकेत दोन ठिकाणी कामी आली. पहिली म्हणजे तालीम. इनिगो आणि वेस्टली यांचं कड्यावरचं द्वंद्व हा या सिनेमाचा गाभा. दोघंही आधी डाव्या हातानं लढतात, मग एकेक करून खरा हात कुठला ते उघड करतात. पटिन्किननं न्यूयॉर्कमध्येच येल विद्यापीठाचे तलवारबाजीचे प्रशिक्षक हेन्री हारुत्युन्यान यांच्याकडे सराव सुरू केला होता. इंग्लंडात आल्यावर तो आणि वेस्टली झालेला कॅरी एल्विस दोघे पीटर डायमंड आणि बॉब अँडरसन यांच्या हवाली झाले.

या अँडरसनबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण पडद्यामागच्या माणसाचंही एक पूर्वायुष्य असतं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये तो ब्रिटनकडून तलवारबाजीत उतरला होता. पुढे सिनेमात आला आणि तरुणपणी साहसपटांचा नायक एरल फ्लिनबरोबर काम करताना चुकून त्याच्या मांडीला जखम करून बसला. ‘स्टार वॉर्स’च्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात खलनायक डार्थ व्हेडरच्या काळ्या मुखवट्याआडून तलवार चालवणारा तोच. आवाज एकाचा, अंग दुसऱ्याचं आणि हात तिसऱ्याचे, असं ते प्रकरण. डायमंडही ‘स्टार वॉर्स’च्या स्टंटचा मुरब्बी माणूस. अशा दोघांनी पटिन्किन आणि एल्विस यांना दोन्ही हातांनी लढायला शिकवलं. इतर प्रसंगांचं चित्रीकरण चालू असताना मोकळा वेळ मिळाला की दोघे कोपऱ्यात जाऊन तलवारी खणखणवत. द्वंद्वाचं चित्रीकरण वेळापत्रकात मागे ठेवलं होतं ते याचसाठी. आडव्या दांडीवरच्या कोलांट्या बदली माणसानं मारल्या, बाकी जवळजवळ सगळं या दोघांचं स्वतःचं. गंमत म्हणजे सराव इतका झाला की रायनरला दाखवताना द्वंद्व फार लवकर आटोपलं. ते वाढवायला लागलं. आता ते पडद्यावर तीन मिनिटांहून थोडं जास्त चालतं, आणि त्या वेळात दोघे एकमेकांशी तलवारबाजीच्या जुन्या उस्तादांच्या डावपेचांवर गप्पा मारत असतात. दमसास लागतो याला. तलवार आणि शब्द दोन्ही एका श्वासावर चालवायचे, हे गाणाऱ्याचं काम आहे.

दुसरी जागा शेवटाकडची. बापाला मारणारा सहा बोटांचा सरदार समोर आहे, इनिगोच्या पोटात सुरा घुसलेला आहे, तो भिंतीला टेकून खाली घसरतो. मग उठतो. आपलं नाव, बापाला कुणी मारलं आणि आता मरायला तयार राहा, एवढंच त्याचं वाक्य. लहानपणापासून घोकलेलं. तेच वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणत पुढे सरकतो. पहिल्यांदा जेमतेम ऐकू येईल असं, मग जरा चढं, मग खणखणीत. एकच ओळ घेऊन तिचं वजन दर खेपेला वाढवत नेणं ही संगीतिकेच्या रंगमंचावरची करामत आहे. पटिन्किननं पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितलं आहे की त्याचे वडील कर्करोगानं गेले तेव्हा तो विशीचा उंबरठाही नीट ओलांडलेला नव्हता, आणि हे दृश्य करताना समोरचा सरदार त्याला त्या रोगासारखा दिसत होता. नटांच्या अशा आठवणींवर मी सहसा फार भार टाकत नाही. इथे मात्र चेहरा पाहिला की शंका घ्यावीशी वाटत नाही.

इंदूरमार्गे आलेला विझिनी

वॉलेस शॉनचं प्रकरण अगदीच निराळं. जन्म १९४३, न्यूयॉर्क. वडील विल्यम शॉन म्हणजे ‘द न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाचे विख्यात संपादक. पोरगा हार्वर्डला इतिहास शिकला, ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र. यादरम्यान फुलब्राइट या अमेरिकी शिष्यवृत्ती योजनेतून १९६५ साली तो भारतात आला आणि इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात इंग्रजी शिकवत राहिला. होळकरांचं इंदूर, ज्या शहरात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदताहेत, तिथल्या पोरांना हा पुढचा विझिनी व्याकरण शिकवत होता. याच कॉलेजात त्याच्या बऱ्याच आधी किशोर कुमार विद्यार्थी होता. विनोदाच्या दोन टोकांचे दोन माणसं एकाच आवारातून गेलेले आहेत, याची नोंद इंदूरकरांनी ठेवायला हरकत नाही.

परतल्यावर शॉननं न्यूयॉर्कमध्ये लॅटिन शिकवलं आणि नाटकं लिहिली. अस्वस्थ करणारी, प्रेक्षकाला खुर्चीत चुळबुळायला लावणारी. ‘अवर लेट नाइट’ आणि ‘आंट डॅन अँड लेमन’ या नाटकांना ऑफ-ब्रॉडवेचे, म्हणजे न्यूयॉर्कच्या छोट्या नाट्यगृहांतल्या नाटकांचे, ओबी पुरस्कार मिळाले. नट तो अपघातानं झाला. मॅकिआव्हेलीच्या एका प्रहसनाचं त्यानं भाषांतर केलं, १९७७ साली त्याचा प्रयोग बसला, आणि दिग्दर्शकानं त्यालाच एक भूमिका करायला लावली. तिथून सिनेमा. १९८१ सालच्या ‘माय डिनर विथ आंद्रे’मध्ये तो आणि त्याचा मित्र जवळजवळ सबंध वेळ जेवणाच्या टेबलाशी बसून बोलतात, आणि तो सिनेमा चालतो.

विझिनीला नेमकं हेच हवं होतं. दोन प्याल्यांपैकी विष कशात आहे हे ओळखायच्या प्रसंगात विझिनी जे करतो तो तर्कशास्त्राचा तास आहे. तू हुशार असशील तर विष तुझ्या प्याल्यात घालशील, पण मी हुशार आहे हे तुला ठाऊक असणार, म्हणजे ते माझ्या प्याल्यात असणार, पण हेही तुला... अशी ती घसरगुंडी. विचार करताना दिसणारा नट आणि विचार पाठ केलेला नट यांतला फरक अशा वेळी लगेच उघडा पडतो. शॉनच्या तोंडी वाक्यं येतात तेव्हा आधीच्या वाक्यातूनच पुढचं वाक्य सुचल्यासारखी येतात. लेखकाच्या जिभेला ते वळण असतं.

आणि एवढं असून हा माणूस सेटवर पार धास्तावलेला होता. ही भूमिका आधी विनोदी नट डॅनी डेव्हिटोला द्यायचा विचार होता, असं त्याच्या एजंटानं त्याला सांगून टाकलं. मग प्रत्येक वाक्याला शॉनच्या डोक्यात एकच: डेव्हिटोनं हे किती बहारदार म्हटलं असतं, आता आपल्याला घरी पाठवणार. शिवाय उंचीची भीती. आणि कड्यावर चढायचं दृश्य. विझिनीच्या अंगात जी चिडचिड, जी घाई, जो कर्कश आत्मविश्वास आहे त्यात या घबराटीचा वाटा किती, कोण जाणे. पण मला तो वाटा चांगलाच मोठा दिसतो. एजंटांनी तोंड बंद ठेवावं हे खरं, तरी या एजंटाचे आभारच मानायला हवेत.

पैलवान

आंद्रे रेने रुसिमॉफ फ्रान्समधल्या शेतकरी घरातला, जन्म १९४६. शरीरातल्या वाढीच्या संप्रेरकाच्या विकारामुळे हाडं वाढत राहिली. कुस्तीच्या जाहिरातीत त्याची उंची ७ फूट ४ इंच सांगत. पॅरिस, जपान, कॅनडा अशी ठिकठिकाणची रिंगणं वेगवेगळ्या नावांनी गाजवून १९७३ पासून तो अमेरिकेत ‘आंद्रे द जायंट’ झाला. टीव्हीवर केसाळ राक्षस होऊन गेलाच होता. मोठ्या अंगाच्या माणसाला सिनेमावाले देऊन देऊन काय देणार?

पैलवानाला पडद्यावर आणणं आपल्याला नवं नाही. ज्या १९८७ साली ‘द प्रिन्सेस ब्राइड’ आला, त्याच साली आपल्याकडे दूरदर्शनवर दारा सिंग हनुमान झालेले होते. तिथेही अंगाच्या ताकदीइतकंच डोळ्यांतल्या भक्तीनं काम केलं. आंद्रेच्या फेझिकचंही तसंच. त्याची ताकद गृहीतच धरलेली आहे, ती सिद्ध करायची नाही. दाखवायचा आहे तो मऊपणा.

व्यावसायिक कुस्तीचा नट म्हणून काय उपयोग, असं विचारणाऱ्यांनी त्या धंद्याचा एक नियम ध्यानात घ्यावा. शो-कुस्तीतल्या चांगल्या मल्लाचं कसब समोरच्याला लागू न देण्यात असतं. साडेपाच फुटी माणसाला उचलून आपटायचं, तेही रोज वेगळ्या गावात, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उभा राहिला पाहिजे. म्हणजे सतत स्वतःची ताकद आवरून धरायची. फेझिकही दगड फेकतो तो मुद्दाम नेम चुकवून, कारण निःशस्त्र माणसाला लपून मारणं त्याला पटत नाही. भूमिका आणि धंदा इथे एकजीव होतात.

अडचणी मात्र मोठ्या होत्या. रायनर त्याला पॅरिसमध्ये भेटला तेव्हा त्याच्या जाड फ्रेंच हेलातलं इंग्रजी फारसं कळेना. तोडगा असा निघाला की रायनरनं त्याचे सगळे संवाद स्वतःच्या आवाजात टेपवर भरून दिले. आंद्रेनं ती टेप ऐकून ऐकून पाठ केली. फेझिकची वाक्यं हळू, सपाट, जरा गाण्यासारखी येतात ती यामुळे. इनिगोबरोबर यमकं जुळवायचा खेळ अशा बोलण्यात जास्तच गोड लागतो. दुसरी अडचण पाठीची. चित्रीकरणाच्या थोडं आधी पाठीवर शस्त्रक्रिया झालेली. ज्याच्या नावावर गाड्या उलथवायच्या दंतकथा, त्याला बटरकप झालेल्या रॉबिन राइटला सुद्धा हातांवर धरता येईना. बटरकप खिडकीतून उडी मारते आणि फेझिक तिला झेलतो, त्या दृश्यात तिचं वजन तारांवर पेललेलं आहे. राइटनं एक आठवण सांगितली आहे: इंग्लंडच्या थंडीत ती कुडकुडायला लागली की आंद्रे आपला एक हात तिच्या डोक्यावर ठेवायचा. एकाच पंजाखाली सगळं डोकं झाकलं जायचं, आणि ऊब यायची.

योगायोग पाहा. चित्रीकरण आटोपल्यावर कुस्तीच्या कंपनीनं आंद्रेला खलनायक करून टाकलं. वर्षानुवर्षं लाडका असलेला हा माणूस २९ मार्च १९८७ ला मिशिगनच्या पाँटिअॅक सिल्व्हरडोममध्ये हल्क होगन या मल्लासमोर उतरला तेव्हा खच्चून भरलेलं स्टेडियम त्याच्या नावानं बोंबलत होतं. सहा महिन्यांनी तोच पडद्यावर फेझिक होऊन आला. अमेरिकेतल्या पोरासोरांनी एकाच वर्षात त्याचा द्वेष केला आणि मग त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. दोन्ही त्यानं सारख्याच व्यावसायिक इमानानं निभावलं. १९९३ साली, सेहेचाळिसाव्या वर्षी तो गेला.

छोट्या भूमिका, मोठे हात

आजोबा झालेला पीटर फॉक या सगळ्यांत वयानं आणि नावानं मोठा. ‘कोलंबो’ या मालिकेतल्या चुरगळलेल्या रेनकोटमुळे तो घरोघरी पोचलेला. पण त्याच्याआधीचा फॉक फार कमी जणांना ठाऊक असतो. त्यानं लोकप्रशासनात पदव्युत्तर पदवी घेतली होती आणि कनेक्टिकट राज्याच्या बजेट खात्यात, हार्टफर्डला, व्यवस्थापनाची तपासणी करणारा कर्मचारी म्हणून नोकरी धरली होती. संध्याकाळी हौशी नाटकमंडळीत काम. मग एव्हा ल गॅलिएन या नामवंत अभिनेत्रीच्या वर्गाला जायला लागला, तिला वाटलं हा धंदेवाईक नट आहे. नाही म्हटल्यावर ती म्हणाली की असायला हवं होतं. फॉकनं राजीनामा दिला. मध्यमवर्गीय मराठी घरात हा प्रसंग घडला असता तर पुढे महिनाभर काय चाललं असतं, ते आपण जाणतो. तीन वर्षांचा असताना एक डोळा गेलेला, जागी काचेचा. त्या तिरप्या नजरेनं तो नातवाकडे बघतो आणि पुस्तकाचं पान उलटतो, तेव्हा कथेतली जादू खरी की खोटी हा प्रश्नच मिटतो. आजोबा म्हणताहेत ना, मग खरी. नातू झालेला फ्रेड सॅव्हेज तेव्हा दहा वर्षांचा होता आणि एका सिनेमाचा अनुभव त्याच्या गाठीशी होता.

जादूगार मॅक्स आणि त्याची बायको व्हॅलरी यांचा प्रवेश काही मिनिटांचाच. बिली क्रिस्टल स्टँड-अप आणि ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’चा गडी, कॅरोल केन ‘टॅक्सी’ मालिकेसाठी टीव्हीचे दोन एमी पुरस्कार मिळवलेली आणि त्याही आधी, बरेचसे संवाद ज्यूंच्या यिडिश भाषेत असलेल्या ‘हेस्टर स्ट्रीट’साठी ऑस्करचं नामांकन मिळवलेली. क्रिस्टल अडतीस वर्षांचा, केन चौतीस. दोघांना जख्ख म्हातारं केलं गेलं. रंगभूषाकारासमोर क्रिस्टलनं दोन फोटो ठेवले: बेसबॉलचा जुना प्रशिक्षक केसी स्टेंगल आणि स्वतःची आजी. दोघांचं मिश्रण म्हणजे मॅक्स. रायनरनं त्याला मोकळं सोडलं. तो दर टेकला नवं काहीतरी बोलायचा. रायनरला हसू आवरेना म्हणून सेटबाहेर जावं लागलं. पटिन्किन सांगतो की एवढ्या तलवारबाजीत त्याला एकच दुखापत झाली, ती हसू दाबताना बरगडीला. केनचं श्रेय यात हरवतं, ते बरोबर नाही. क्रिस्टल वाक्यं उडवत सुटला तरी त्या दोघांत पन्नास वर्षांचा संसार दिसतो, तो तिच्या खेकसण्यामुळे. एकट्या विनोदवीराला भिंत लागते, ती केननं पुरवली.

खलनायक मंडळींचीही एक गंमत. राजपुत्र झालेला क्रिस सॅरँडन १९७५ सालच्या ‘डॉग डे आफ्टरनून’साठी ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला होता. त्याच सिनेमात केन बँकेतली कर्मचारी होती. इथे दोघं पुन्हा एका सिनेमात आहेत आणि एकदाही समोरासमोर येत नाहीत. सहा बोटांचा सरदार झालेला क्रिस्टोफर गेस्ट हा रायनरच्याच ‘धिस इज स्पायनल टॅप’मधला मठ्ठ गिटारवादक. इथे तो एक विनोद करत नाही. आवाज खाली, चेहरा गार. छळयंत्राजवळ बसून शास्त्रज्ञासारखी टिपणं काढतो, आणि त्या थंडपणानंच अंगावर काटा येतो. त्याचे वडील ब्रिटिश सरदारघराण्यातले, संयुक्त राष्ट्रसंघात अधिकारी होते. १९९६ साली वारशानं गेस्ट खराखुरा बॅरन झाला आणि काही काळ हाउस ऑफ लॉर्ड्सचा सदस्यही. वेस्टलीच्या डोक्यात तलवारीची मूठ हाणून त्याला बेशुद्ध करायचं दृश्य होतं. हळू मारलं तर खोटं दिसत होतं, जरा जोरात मारलं तर एल्विस खरोखर बेशुद्ध पडला. तोच टेक सिनेमात आहे. विनोदवीराला हातातल्या वजनाचा अंदाज नसतो. अशा वेळी पैलवान बरा.

लग्न लावणारा बोबडा धर्मगुरू म्हणजे पीटर कुक. १९६० साली ‘बियाँड द फ्रिंज’मधून ब्रिटिश उपहासाला नवं तोंड देणाऱ्या चौघांपैकी एक. त्याला इथे मोजकी वाक्यं आहेत आणि सगळा विनोद ‘र’ न उच्चारण्यात. आयुष्यभर पंतप्रधानांच्या आणि पाद्र्यांच्या नकला केलेल्या माणसाला एवढं पुरे होतं.

हिशेब

खर्च सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर. अमेरिकेतली कमाई ३ कोटी डॉलरच्या थोडी वर. बुडाला नाही, पण गाजलाही नाही. हा सिनेमा विकायचा कसा, हेच वितरण करणाऱ्या फॉक्स कंपनीला कळेना. परीकथा म्हणावी तर मोठी माणसं यायची नाहीत, साहसपट म्हणावा तर नाव घेण्याजोगा स्टार नाही, विनोदी म्हणावा तर पोस्टरवर दिसणार काय? पात्रनिवडीची जी गोष्ट सिनेमाला तारून गेली तीच जाहिरातीत आडवी आली. क्रिस्टलला मेकअपमध्ये ओळखता येत नाही, गेस्ट विनोद करत नाही, पैलवान मारत नाही. पुढे व्हिडिओ कॅसेट आली आणि लोकांनी घरी बसून, रिवाइंड करकरून तो पाहिला. २०१६ साली त्याची निवड अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत झाली.

या पात्रनिवडीत एक उणीव आहे आणि ती सिनेमाच्या नावातच बसली आहे. रॉबिन राइट तेव्हा वीस वर्षांची होती. चौदाव्या वर्षापासून मॉडेलिंग केलेली, १९८४ पासून ‘सांता बार्बरा’ या दैनंदिन मालिकेत. मालिकावाल्यांनी तिला या सिनेमासाठी मोकळं केलं ते करार वाढवून घेऊन. दैनंदिन मालिका म्हणजे रोज पानंच्या पानं पाठ, एक-दोन टेकमध्ये काम उरकायचं आणि कितीही अचाट प्रसंग आला तरी तो खराच मानायचा. अचाटाला खरं मानायचं हे शिक्षण परीकथेला किती उपयोगी! सॅरँडननंही १९७० च्या आसपास ‘द गाइडिंग लाइट’ मालिकेत काही वर्षं काढलेली, म्हणजे लग्नमंडपात उभे असलेले वधू-वर दोघेही मालिकेच्या शाळेतले. पण संहितेनं सॅरँडनला भित्रेपणा, बढाई, कारस्थान सगळं दिलं. राइटला काय दिलं? पळवून नेणं, वाट बघणं, रडणं. मॅक्सला आपली आजी आणता आली, इनिगोला आपला बाप आणता आला; बटरकपमध्ये स्वतःचं काही घालायला राइटला फटच ठेवलेली नाही. जी थोडी जागा मिळते, डाकूच्या वेशातल्या वेस्टलीवर ती उसळते ती, तिथे पाहा: आवाजात एकदम धार येते, आणि दोनच मिनिटांत संहिता तिला टेकडीवरून गडगडत खाली सोडते.

एल्विसला तुलनेनं खूप मिळालं. लंडनचा हा देखणा पोरगा त्याआधी ‘अनदर कंट्री’ आणि ‘लेडी जेन’ अशा वेशभूषेच्या सिनेमांत दिसला होता. ‘लेडी जेन’ पाहून रायनर त्याला भेटायला थेट बर्लिनला गेला. जुन्या साहसपटांतल्या नायकाचा चेहरा तिथे दिसला होता, आणि गप्पांत कळलं की पोरगा नकलाही झकास करतो. भूमिकेत दोन्ही वापरलं गेलं.

राइटच्या बाबतीत ती चौकशी झाली असेल तर पडद्यावर तिचा माग लागत नाही. श्रेयनामावलीत तिच्या नावाआधी ‘प्रथमच’ अशा अर्थाचा उल्लेख आहे, तोही पुरता खरा नाही, कारण १९८६ साली तिचा एक सिनेमा येऊन गेला होता. सत्ता हाताळणारी, थंड डोक्याची बाई ती किती उत्तम उभी करू शकते हे कळायला ‘हाउस ऑफ कार्ड्स’ यावं लागलं. त्यासाठी २०१४ साली तिला गोल्डन ग्लोब मिळाला. पुढे त्या मालिकेचे काही भाग तिनंच दिग्दर्शित केले.